मौनाची तपसाधना संपली. आता घरी काय करावे?

वाडीतली
नमस्कार. मी वसईची, कॅथलिक, वय ४४, नोकरी करते. घरात नवरा, दोन मुलगे आणि सासूबाई आहेत. मे महिन्यात मी आयुष्यात पहिल्यांदा आठ दिवसांची मौन तपसाधना केली. उपवासकाळात आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) होणाऱ्या तीन संध्याकाळच्या तपसाधना मी लहानपणापासून करत आले आहे. पण तिथे प्रवचन ऐकायचे, पापनिवेदन करायचे आणि देवळाच्या आवारात मैत्रिणींशी मनसोक्त गप्पा मारून घरी परतायचे, एवढीच माझी रीत होती. ही तपसाधना इग्नेशियन, म्हणजे संत इग्नेशियस यांनी घालून दिलेल्या पद्धतीची होती. रोज चार वेळा एकेक तास एकटीने प्रार्थना, संध्याकाळी मिस्सा, दिवसातून एकदा अर्धा तास मार्गदर्शक सिस्टरांशी बोलणे आणि उरलेला सगळा वेळ मौन. मोबाइल पहिल्याच संध्याकाळी पाकिटात घालून कार्यालयात जमा केला.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास मी खोलीतल्या फरशा मोजल्या. खिडकीकडून दाराकडे १४ आणि भिंतीकडून भिंतीकडे ९. त्यांतली एक फुटकी. मग मी बॅग भरली, चपला घातल्या आणि मोबाइल परत घ्यायला कार्यालयापर्यंत गेले. तिथे कुणीच नव्हते, म्हणून परत आले. माझ्या आध्यात्मिक चिकाटीचा एवढाच काय तो पुरावा. सहाव्या दिवशी मात्र असे काही घडले की ते मला अजून नीट सांगता येत नाही. वडिलांना जाऊन ११ वर्षे झाली, त्यांच्यासाठी तेव्हा न आलेले रडू त्या दिवशी आले, आणि आपण एकट्या रडत नाही आहोत हे मला अगदी स्पष्ट कळत होते.

घरी आले त्या दिवशी विहिरीवरचा पंप बंद पडला होता आणि सासूबाईंच्या गोळ्या संपल्या होत्या. आठवडाभरात सगळे विरघळून गेले. म्हणून इथे दोन प्रश्न विचारते. एकांत आणि मौन ही ख्रिस्ती जीवनातली साधना फादर, सिस्टर आणि रिकामी खोली परवडणाऱ्यांसाठीच आहे का? आणि दुसरा प्रश्न माझ्या नवऱ्याचा आहे. त्याने तो न चिडता, अगदी प्रामाणिकपणे विचारला: "आठ दिवस तू देवाकडे गेली होतीस की आमच्यापासून दूर गेली होतीस?" मला उत्तर देता आले नाही.

पाचवा मजला
आमच्याकडे ४५० चौरस फुटांत पाच माणसे राहतात. एकांत फक्त संडासात मिळतो आणि तोही बाहेरून कुणी कडी वाजवेपर्यंतच. त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला वाचायचे आहे. दुसऱ्याची पाळी आमच्यावर येणारच नाही.

माजी नवदीक्षित
ताई, मी तरुणपणी दोन वर्षे एका धर्मसंघात नवदीक्षित होतो. पुढे तो मार्ग माझा नाही हे कळल्यावर बाहेर पडलो, पण तिथे शिकलेले अजून विसरलेलो नाही. तुमच्या फरशा वाचून मला हसू आले, कारण त्या दुपारच्या तीन वाजण्याला सोळाशे वर्षांची परंपरा आहे.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एव्हाग्रियस नावाचे एक संन्यासी होऊन गेले. एकांतात बसणाऱ्याला छळणाऱ्या आठ कुविचारांची त्यांनी यादी केली आणि त्यांतल्या सर्वांत जड विचाराला 'मध्यान्हीचे भूत' म्हटले. हे भूत सूर्याला जागचा हलू देत नाही आणि दिवस ५० तासांचा करून टाकते. मग साधक सारखा खिडकीकडे पाहतो, कुणी बंधू भेटायला येतो आहे का याचा अंदाज घेतो आणि नववा तास व्हायला किती अवकाश आहे हे पाहायला खोलीबाहेर पडतो. त्या काळी दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजत, म्हणजे नववा तास हा आपला दुपारी तीनचा. त्यानंतरच त्यांचे दिवसातले एकमेव जेवण होत असे. थोडक्यात, तुमची बॅग एव्हाग्रियसांनी आधीच भरून ठेवली होती.

संत इग्नेशियस यांनी १५२२ मध्ये मानरेसा गावी नदीकाठच्या गुहेत प्रार्थनेला सुरुवात केली आणि पुढे आपल्या अनुभवांतून या साधनेचे नियम बांधले. त्यांतले दोन तुमच्या कामाचे आहेत. मन कोरडे पडले असताना, आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये. आणि एक तास बसणे नकोसे झाले, तर तासाच्या वर थोडे अधिक बसावे. मला हा दुसरा नियम तेव्हा शुद्ध छळ वाटत असे. पळण्याची इच्छा ही मोठ्या आवाजाची पण छोट्या दमाची असते, हे कळायला मला दीड वर्ष लागले.

नगरकर
मी प्रॉटेस्टंट आहे, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतला, आणि थोडे खटकेल असे लिहिणार आहे. मौनाला पवित्र शास्त्रात इतके मोठे स्थान कुठे दिले आहे? स्तोत्रसंहिता उघडून पाहा: गा, जयघोष करा, टाळ्या वाजवा, झांजा वाजवा. प्रेषितांवर पवित्र आत्मा उतरला तो सोसाट्याच्या वाऱ्यासारख्या आवाजासह, आणि ते लगेच बोलू लागले. १९०५ मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जे आध्यात्मिक जागरण झाले, त्यात शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करत होत्या. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला मराठीत आणले तेही अभंगांतून, टाळ-मृदंगाच्या संगतीने. आमच्या मराठी मंडळीचा पिंड गाण्याचा आहे. ल्यूथरने मठ सोडला तो उगाच नव्हे. आठ दिवस स्वतःच्याच मनात डोकावत बसण्यात देवापेक्षा 'मी'च अधिक भेटण्याचा धोका मला दिसतो. ताईंच्या यजमानांचा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो.

पिंपळपान
नगरकर, आपण घेतलेले संदर्भ बरोबर आहेत, पण ते अर्धे आहेत. मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिलाच अध्याय पाहा. कफर्णहूमला येशूने संध्याकाळी उशिरापर्यंत आजाऱ्यांना बरे केले; सगळे गाव दाराशी लोटले होते. दुसऱ्या दिवशी अजून अंधार असताना तो उठला, एकांत जागी गेला आणि प्रार्थना करू लागला. शिमोन आणि सोबतचे लोक त्याला शोधत आले आणि म्हणाले की, सगळे तुला शोधत आहेत. त्यावर येशू काय म्हणतो? "चला, परत जाऊ" असे म्हणत नाही. जवळपासच्या दुसऱ्या गावांकडे जाऊ, तिथेही मला उपदेश करायचा आहे, असे म्हणतो. मला हे फार महत्त्वाचे वाटते. एकांतातून तो कामावरच परतला, पण कोणत्या कामावर जायचे हे दाराशी जमलेल्या गर्दीने ठरवले नाही.

प्रॉटेस्टंट परंपरेतलेच उदाहरण हवे असेल तर जर्मन धर्मपंडित बोनहॉफर घ्या. १९३५ ते १९३७ या काळात जर्मनीत फिंकेनवाल्ड येथे ते तरुण पाळकांना शिकवत होते. नाझी राजवटीला शरण न गेलेल्या मंडळीची ती पाठशाळा होती. तिथे त्यांनी रोज सकाळी अर्धा तास मूक मनन सक्तीचे केले, आणि शास्त्रातला एकच छोटा उतारा आठवडाभर घ्यायचा असा दंडक घातला. विद्यार्थी वैतागले. कुणाला झोप येई, कुणाला ल्यूथरच्या मुलखात हे मठाचे चाळे कशाला असे वाटे. बोनहॉफर ठाम राहिले. ज्याला एकटे राहता येत नाही त्याने समुदायापासून जपावे आणि ज्याला समुदायात राहता येत नाही त्याने एकटेपणापासून जपावे, असे त्यांच्या सांगण्याचे सार होते. १९४५ मध्ये त्यांना फाशी देण्यात आली. या माणसाला आत्ममग्न म्हणणे कठीण आहे.

आणि आपल्या पुण्यातलेच पाहायचे तर शिवाजीनगरचा ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम आहे. जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूंनी १९२० च्या दशकात तो आश्रम स्थापन केला. टिळकांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. म्हणजे टिळकांच्या टाळांचा आवाज आणि आश्रमातली शांतता यांची गाठ तुम्ही समजता त्यापेक्षा जवळची आहे.

नगरकर
बोनहॉफरबद्दलचे मान्य. मनन शास्त्रातल्या वचनावर होते, रिकाम्या मनावर नव्हते, एवढे मात्र नोंदवून ठेवतो. ज्या मौनाच्या मध्यभागी वचन आहे त्या मौनाला माझी हरकत नाही.

वाडीतली
नगरकर दादा, आम्हालाही प्रत्येक तासासाठी शास्त्रातलाच उतारा दिला होता. सहाव्या दिवशीचा उतारा येशूचा मित्र लाजर याच्या कबरीचा होता. येशू रडला, एवढेच दोन शब्दांचे वचन घेऊन मी पाऊण तास बसले होते.

नगरकर
मग मी माझे मागचे वाक्य मागे घेतो.

इगतपुरीचा शेजारी
मी हिंदू आहे. या धाग्यात येणे योग्य आहे की नाही हे माहीत नाही, पण विषय जिव्हाळ्याचा आहे. मी इगतपुरीला विपश्यनेची दहा दिवसांची दोन शिबिरे केली आहेत. तिथे आर्यमौन असते: बोलणे नाही, खुणा नाहीत, नजरानजरसुद्धा नाही. बाहेर आल्यावर मीही ताईंसारखाच आठवड्यात होतो तसा झालो. माझा प्रश्न असा की, तुमच्या मौनात आणि त्या मौनात नेमका फरक काय? बाहेरून तर दोन्ही सारखेच दिसते: पांढऱ्या भिंती, पातळ आमटी आणि पायाला मुंग्या.

माजी नवदीक्षित
शेजारी, योग्यच आहे. आमटी खरोखर सारखीच असते.

माझ्या समजुतीप्रमाणे फरक तोंडाच्या दिशेचा आहे. तुमच्या शिबिरात श्वासाकडे आणि शरीरातल्या संवेदनांकडे तटस्थपणे पाहायला शिकवतात. तिथे कुणाशी बोलायचे नसते. ख्रिस्ती प्रार्थनेत आपण गप्प बसतो ते समोर कुणीतरी आहे म्हणून. आजारी माणसाच्या उशाशी त्याचा जिवलग तासभर काही न बोलता बसतो, त्या प्रकारचे हे गप्प बसणे आहे. समोर कुणी नसेल, तर तेच बसणे वेगळे होते. यात एक श्रेष्ठ आणि दुसरे कनिष्ठ असे मी म्हणत नाही.

या दोन्हींची सांगड घालण्याचे प्रयत्न आपल्याकडे झालेले आहेत. मुंबईत जन्मलेले येशूसंघीय (जेझुइट) फादर अँथनी डिमेलो यांनी आधी पुण्यात आणि मग लोणावळ्यात साधना संस्था चालवली. श्वासाचे भान, कानावर पडणाऱ्या आवाजांचे भान यांपासून सुरुवात करून ते ख्रिस्तासमोर बसण्याकडे नेत असत. हेन्री ल साव हे फ्रेंच बेनेडिक्टाइन संन्यासी १९४८ मध्ये भारतात आले, स्वामी अभिषिक्तानंद झाले आणि तिरुवण्णामलैला अरुणाचलाच्या गुहांत मौनात राहिले.

कठोर वाचक
आणि पुढचे सोयीस्करपणे गाळलेत. डिमेलोंच्या लिखाणातली काही मते कॅथलिक श्रद्धेशी विसंगत आहेत, असे रोमच्या श्रद्धाविषयक मंडळाने १९९८ मध्ये अधिकृतपणे जाहीर केले आहे. त्याच मंडळाने १९८९ मध्ये ख्रिस्ती ध्यानावर पत्र काढून पौर्वात्य पद्धतींबाबत सावध केले होते. भोळ्या माणसाने लोणावळ्याला जावे आणि ख्रिस्त हरवून परत यावे, असे होऊ नये.

माजी नवदीक्षित
गाळले नाही, लिहीतच होतो. १९९८ चे निवेदन खरे आहे. मात्र ते डिमेलोंच्या मृत्यूनंतर ११ वर्षांनी आले, आणि त्याचा रोख त्यांच्या आधीच्या लिखाणापेक्षा नंतरच्या लिखाणावर अधिक होता. १९८९ चे पत्र मी पूर्ण वाचले आहे. इतर धर्मांच्या पद्धती सरसकट टाकाऊ ठरवू नयेत, त्यांतले उपयोगी ते घ्यावे, पण ख्रिस्ती प्रार्थनेचा गाभा झाकला जाऊ देऊ नये, असे त्यात म्हटले आहे. शरीर शांत झाल्यावर वाटणाऱ्या सुखाला पवित्र आत्म्याचे सांत्वन समजू नये, हा इशाराही त्यात आहे आणि तो मला पूर्णपणे पटतो. चांगल्या झोपेनंतर मलाही अनेकदा संत झाल्यासारखे वाटते.

कठोर वाचक
झोपेबाबत सहमत.

पाचवा मजला
मौनाचा विषय निघाला आहे म्हणून एक आठवण सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या तपसाधना केंद्रात पाच दिवस गेलो होतो. दोन हजार माणसे, आठ ध्वनिवर्धक, सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत प्रवचने, गाणी आणि साक्षी. दर अर्ध्या तासाला त्याच ध्वनिवर्धकांवरून घोषणा होत असे: "कृपया संपूर्ण मौन पाळावे." हे वाक्य मी पाच दिवसांत इतक्या वेळा ऐकले की घरी आल्यावर मुले भांडू लागली तेव्हा माझ्या तोंडून त्याच सुरात बाहेर पडले. मुलांनी पाळले नाही ते नाहीच.

नगरकर
हसून हसून पुरेवाट. पण त्या दोन हजारांतल्या कित्येकांचे दारूचे व्यसन तिथेच सुटते, हेही मी जवळून पाहिले आहे.

पाचवा मजला
हो, माझ्या मेव्हण्याचे सुटले. म्हणून तर मी गेलो होतो.

रात्रपाळी
मी परिचारिका आहे. या सगळ्या चर्चेत एक गोष्ट कुणी बोललेले नाही, म्हणून लिहिते.

चार वर्षांपूर्वी माझे बाळ सातव्या महिन्यात गेले. दोन महिन्यांनी कुणीतरी प्रेमाने सुचवले की, मौन तपसाधना कर, देव जखम भरून काढेल. मी गेले. पहिली रात्र कशीबशी काढली. दुसऱ्या दिवसापासून मला झोप येईना, छाती धडधडे आणि तेच दवाखान्यातले क्षण पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येत. मार्गदर्शकांना सांगितले तर ते म्हणाले की, ही शुद्धीकरणाची पायरी आहे, टिकून राहा. मी टिकून राहिले आणि पाचव्या दिवशी मला घरी न्यायला भावाला बोलवावे लागले. नंतर मानसोपचारतज्ज्ञांकडे वर्षभर उपचार घेतले. मी बरी आहे. देवावर माझा राग नाही, त्या मार्गदर्शकांवरही आता नाही, पण तेव्हा फार होता.

वर 'तासाच्या वर थोडे अधिक बसावे' हा नियम आला आहे. तो नियम प्रत्येकाला लागू नाही, हे कृपया लिहा. ताज्या दुःखात, नैराश्यात किंवा औषधे चालू असताना एकांत हे औषध नसते. कधी कधी ते मीठ असते.

माजी नवदीक्षित
रात्रपाळी ताई, आपण लिहिलेत हे फार बरे झाले, आणि मी तो नियम सरसकट लिहिला ही माझी चूक झाली. इग्नेशियस यांनी स्वतःच सुरुवातीच्या सूचनांत म्हटले आहे की, साधना करणाऱ्याचे वय, शिक्षण, कुवत पाहून तिच्यात बदल करावा आणि ज्याला जे पेलणार नाही ते त्याला देऊ नये. मानरेसाला त्यांनी स्वतः अतिरेकी उपवास करून प्रकृतीची हानी करून घेतली होती आणि जीव द्यावा असे विचारही त्यांना छळत होते. पुढे ते इतरांना शरीर जपायला सांगत. तुम्हाला 'टिकून राहा' म्हणणाऱ्यांनी ही सूचना विसरायला नको होती.

बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्टही इथे आठवते. 'शांत, मंद वाणी' सर्वांना पाठ असते, पण तिच्या आधी काय घडले ते कुणी सांगत नाही. एलीया राणीच्या धमकीने पळाला होता, रानात एका झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवाने त्याला तेव्हा मौन शिकवले नाही. त्याला झोपू दिले. देवदूताने उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले. तो पुन्हा झोपला. पुन्हा भाकर दिली. होरेब डोंगर, वारा, भूकंप, अग्नी आणि मग ती वाणी, हे सगळे चाळीस दिवसांनंतरचे आहे.

रात्रपाळी
भाकरीचा भाग मला कधीच कुणी सांगितला नव्हता. धन्यवाद.

लीड्सची मावशी
मी मूळची नाशिकची, चर्च ऑफ नॉर्थ इंडियातली. तीस वर्षे इंग्लंडमध्ये आहे आणि गेली बारा वर्षे क्वेकरांच्या सभेत जाते. सतराव्या शतकात जॉर्ज फॉक्स यांच्या भोवती हा समुदाय जमला. आमच्याकडे पाळक नाहीत, वेदी नाही, ठरलेले गायन नाही. खुर्च्या गोल मांडतात आणि तासभर सगळे शांत बसतात. आतून खरोखर प्रेरणा झाली तर कुणीही उठून थोडे बोलते. नाहीतर तास तसाच संपतो. शेवटी दोन ज्येष्ठ सभासद हस्तांदोलन करतात, म्हणजे उपासना संपली.

हे सांगण्याचे कारण असे की, इथे सगळ्यांनी एकांत आणि मौन यांना एकत्र बांधून टाकले आहे. आमचे मौन एकट्याचे नाही. पहिली दोन वर्षे मी किराणा मालाची यादी करत असे. अजूनही कधी कधी करते. पण शेजारी तीस माणसे वाट पाहत बसली आहेत आणि आपणही बसलो आहोत, यात जो आधार असतो तो माझ्या खोलीत मला मिळत नाही. एका रविवारी पन्नास मिनिटांच्या शांततेनंतर एक वृद्ध गृहस्थ उठले, "माझी बायको आता मला ओळखत नाही, तरी मी रोज तिच्याजवळ जाऊन बसतो," एवढेच म्हणाले आणि खाली बसले. उरलेल्या दहा मिनिटांत कुणीही हलले नाही.

वाडीतली ताई, घरात एकटे बसायला जागा नसेल तर कुणाला तरी सोबत घेऊन गप्प बसता येईल का, एवढे पाहा.

पिंपळपान
मावशींनी चांगली वाट दाखवली. मला आता यजमानांच्या प्रश्नाकडे वळायचे आहे, कारण त्याचे उत्तर कुणीच दिलेले नाही.

वाळवंटातल्या संन्याशांच्या वचनांत अब्बा पोइमेन यांचे एक वचन आहे. त्याचा भावार्थ असा की, एखादा माणूस गप्प दिसतो पण मनात दुसऱ्याला दोष देत असतो, तो अखंड बडबडच करत असतो; दुसरा सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलतो तरी तो मौनात असतो, कारण उपयोगाचे नसलेले तो काहीच बोलत नाही. या कसोटीवर घरातली अबोला धरणारी आणि तोंड फुगवून बसणारी सगळी मंडळी बाद होतात. आपल्या मराठी घरांत मौनाचा सर्वांत प्रचलित प्रकार तोच आहे.

दुसरे असे की, एकांताला वाहून घेतलेल्यांनीसुद्धा माणसे तोडलेली नाहीत. १०८४ मध्ये संत ब्रूनो यांनी फ्रान्सच्या आल्प्समध्ये सुरू केलेला कार्थुसियन संघ हा कॅथलिकांतला बहुधा सर्वांत कडक एकांतवासी संघ. प्रत्येकाची वेगळी खोली, जेवण भिंतीतल्या झरोक्यातून मिळते. तरीही आठवड्यातून एकदा सगळे मिळून काही तास डोंगरात फिरायला जातात आणि त्या वेळी मनमोकळे बोलणे हा नियमाचाच भाग असतो. म्हणून 'देवाकडे की आमच्यापासून दूर' या प्रश्नाचे उत्तर आठ दिवसांत शोधू नये. परत आल्यावर त्या घरातल्या माणसांचे बोलणे तुम्ही पूर्वीपेक्षा नीट ऐकता का, यात शोधावे. आणि ते उत्तर तुमच्यापेक्षा यजमान अधिक खरे देऊ शकतील.

कठोर वाचक
पिंपळपान यांच्याशी सहमत आहे, पण एक दुरुस्ती सुचवतो. अशाने एकांत हे केवळ माणसे सांभाळण्याचे साधन होऊन बसते. देव स्वतःच पुरेसे कारण नाही का? बायको नवऱ्याला सोडून आठ दिवस माहेरी जाते, तेव्हा परत आल्यावर तिचा स्वयंपाक सुधारला का, असे आपण विचारत नाही.

पाचवा मजला
काही घरांत विचारतात.

पिंपळपान
कठोर वाचक, दुरुस्ती मान्य. माहेरची उपमा माझ्या सगळ्या परिच्छेदापेक्षा चांगली आहे.

इगतपुरीचा शेजारी
माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, त्याबद्दल आभार. 'समोर कुणीतरी असणे' ही गोष्ट मला विठ्ठलासमोर उभे राहिल्यावर थोडीफार ओळखीची आहे. तुकोबा भंडारा डोंगरावर एकटे जाऊन बसत तेही कुणाच्या तरी सोबतीला, असे आता वाटते. फक्त माझा डोंगर आणि माझा विठोबा आजवर वेगवेगळ्या खात्यांत होते.

वाडीतली
जवळजवळ सात आठवड्यांनी परत येते आहे. सर्वांची उत्तरे दोनदा वाचली, काही नवऱ्यालाही वाचून दाखवली. माहेरच्या उपमेवर तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, "माहेरी गेलीस की निदान फोन तरी करतेस."

मी सुरुवातीला रोज पहाटे अर्धा तास बसायचे ठरवले होते. पाच दिवस जमले. मग पाऊस सुरू झाला, गाडीची वेळ बदलली आणि ते मोडले. लीड्सच्या मावशींचे वाचल्यावर मी ते एकटीने करण्याचा हट्ट सोडला. आता संध्याकाळच्या रोझरीनंतर घरातले सगळे उठतात, पण मी आणि सासूबाई मागच्या पडवीत बसतो. तसे ठरवून झाले नाही. पहिल्या दिवशी त्यांनी विचारले, "इथे काय करतेस?" मी म्हटले, "काही नाही, नुसती बसले आहे, देवाजवळ." त्या म्हणाल्या, "मग मीही बसते, मला कुठे काय काम आहे." त्या ७९ वर्षांच्या आहेत. हातात माळ असते, पण ओठ हलत नाहीत. पंधरावीस मिनिटे आम्ही दोघी केळीच्या पानांवरून पाणी गळताना ऐकतो. मग त्या पदराने तोंड पुसतात आणि उठतात; आमचे हस्तांदोलन तेच. लग्नाला १९ वर्षे झाली. त्यांच्याशेजारी मी इतका वेळ काहीही न बोलता आणि मनात काहीही न बोलता कधी बसले नव्हते.

सहावा दिवस पुन्हा आलेला नाही. बहुतेक दिवशी मी उद्याच्या डब्याचा विचार करते.

काल नवरा पडवीच्या दारात येऊन उभा राहिला. पंपाचे काहीतरी सांगायचे होते हे चेहऱ्यावरून दिसत होते. आमच्याकडे पाहून तो थांबला, दाराच्या चौकटीला टेकला आणि आम्ही उठेपर्यंत तिथेच उभा राहिला. मग त्याने सांगितले की, पंप पुन्हा बंद पडला आहे.

पाचवा मजला
ताई, तो पंप एकदा बदलून टाका.